मॉसचं जंगल नुसत्या पावसावर उभं राहत नाही

लंडनमध्ये वर्षाकाठी सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हिंगोली जिल्ह्याची सरासरी साडेआठशे ते नऊशे मिलिमीटरच्या घरात आहे. म्हणजे पावसाळी हवेसाठी जगभर बदनाम असलेल्या शहरापेक्षा आपल्या औंढा-कळमनुरीच्या माळावर जवळपास दीडपट पाणी आभाळातून उतरतं. तरी लंडनच्या जुन्या भिंती, छपरं, झाडांचे बुंधे वर्षातला बराच काळ मॉसनं हिरवे असतात आणि हिंगोलीतली ही हिरवाई फार तर नागपंचमीपासून दसऱ्यापर्यंतची पाहुणी असते. आता दुसरी जोडी घेऊ. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात, होह नदीचं खोरं आहे. तिथे वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथलं जंगल मॉसच्या गाद्यांसाठी जगात नावाजलेलं आहे. आपल्या महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर पाऊस पडतो. हिशेबानं महाबळेश्वरनं होहला मागे टाकायला हवं होतं. प्रत्यक्षात मे महिन्यात महाबळेश्वरच्या जांभळीच्या, हिरड्याच्या खोडाकडे पाहिलं तर दिसतं ते तपकिरी, हाताला खरखरीत लागणारं कवच. पावसाचा आकडा मॉसबद्दल दोनदा चुकीचं उत्तर देतो, तेव्हा मोजायची गोष्ट दुसरी असली पाहिजे. माझं म्हणणं असं की मॉसचं जंगल पाऊस किती पडला यावर ठरत नाही. ओल किती वेळ टिकली आणि ती किती गारव्यात टिकली, यावर ते ठरतं. हे एकदा मान्य केलं की अशा जंगलात केव्हा जावं, कुठे पाहावं आणि कसं चालावं याची उत्तरं बदलतात, आणि हिंगोलीसारख्या कोरड्या जिल्ह्यातही पाहण्यासारखं पुष्कळ निघतं.

आधी मॉस म्हणजे काय ते जवळून पाहू. विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीत थर आणि भिंतीवरची मखमल, बोलताना आपण दोन्हीला शेवाळच म्हणतो. पण पहिलं शैवल आहे आणि दुसरी शाळेच्या पुस्तकातल्या ब्रायोफायटा गटातली, खोड-पानं असलेली खरी वनस्पती. (काळ्या मसाल्यात पडणारं दगडफूल यांपैकी एकही नाही. ते लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार.) मॉसला खरी मुळं नसतात. दगडाला धरून राहण्यापुरते केसासारखे तंतू असतात. जमिनीतलं पाणी ओढून शेंड्यापर्यंत नेणाऱ्या नळ्या बहुतेक मॉसमध्ये नसतात किंवा अगदी प्राथमिक असतात. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं असतं, त्यामुळे पाणी थेट पानाच्या अंगातून आत शिरतं आणि तितक्याच सहज बाहेर निघून जातं. भारतभर भिंतींवर आढळणारी हायोफिला नावाची मॉसची एक जात आहे. पावसात तिचे हिरवे चांदण्यांसारखे झुबके दिसतात. ऊन पडलं की प्रत्येक पानाच्या दोन्ही कडा आत वळतात, पानाची नळी होते आणि झुबका करडा, मेल्यासारखा दिसू लागतो. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका, थोड्याच वेळात पानं उलगडतात आणि रंग परत येतो. ज्वारीचं ताट असं सुकलं तर संपलं. मॉस सुकतं, थांबतं आणि वाट पाहतं. बाहेर जितकी ओल तितकी अंगात, अशी त्याची राहणी आहे. म्हणूनच त्याच्यासाठी वेळ हा पाण्याइतकाच महत्त्वाचा.

पण सुकून पुन्हा जागं होणं फुकट होत नाही. पाणी लागताच पेशींमधली तुटफूट दुरुस्त करावी लागते आणि त्यासाठी साठवलेली साखर जळते. श्वसन एकदम वाढतं, प्रकाशसंश्लेषण मात्र हळूहळू सुरू होतं. म्हणजे ओलं झाल्यावर सुरुवातीचा काही काळ मॉस तोट्यातच असतं. सकाळी दुकानाचं शटर वर केल्यावर झाडलोट, दिवाबत्ती, नोकराचा चहा हा खर्च आधी होतो आणि गिऱ्हाईक नंतर येतं, तसंच. शटर दिवसभर उघडं राहिलं तर फायदा. तासाभरातच बंद करावं लागलं तर झालेला खर्च अंगावर. दिवसभर उघडं दुकान म्हणजे आपल्या भाषेत झड. पाच-सहा दिवस सूर्य दिसत नाही, पाऊस धो धो पडत नाही पण थांबतही नाही, कपडे वाळत नाहीत, बैलं गोठ्यात कंटाळतात, ते मॉसचे कमाईचे दिवस. त्याउलट जूनमधला वळवाचा फटका. संध्याकाळी तासभरात शेत वाहून जाईल इतकं पाणी, रात्री उकाडा आणि सकाळी नऊला पुन्हा चटका. पर्जन्यमापकात त्या पावसाची नोंद मोठी होते. मॉसच्या खात्यात तो खर्चाच्याच बाजूला जातो. मराठवाड्यात पावसाचे खरे दिवस, म्हणजे हवामान खात्याच्या व्याख्येनुसार अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेले दिवस, वर्षात पन्नासच्या आत-बाहेर असतात. लंडनमध्ये किमान एक मिलिमीटर पाऊस पडलेले दिवसच शंभराच्या वर जातात, आणि त्यांच्या मधले दिवसही गार नि ढगाळ असतात. दोन्हीकडची मोजपट्टी थोडी वेगळी आहे हे धरूनही अंतर स्पष्ट आहे. पहिल्या जोडीचं कोडं इथे सुटतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ओलीचा वेळच मोजायचा तर विषुववृत्ताजवळची सखल, उष्ण वर्षावनं सर्वांत मॉसदार असायला हवीत. तिथे बारा महिने दमट हवा असते. पण तसं दिसत नाही. ॲमेझॉनच्या सखल जंगलात वेली, ऑर्किड, नेचे रग्गड असतात, मॉसच्या जाड गाद्या मात्र विरळ. उष्ण प्रदेशात मॉस पाहायचं तर डोंगर चढून ढगांच्या उंचीवर जावं लागतं. याचं पटणारं स्पष्टीकरण रात्रीत आहे. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. सखल उष्ण जंगलात रात्र बारा तासांची, उबदार आणि ओली असते. ओलं मॉस रात्रभर जागं राहून साखर जाळत बसतं, आणि दिवसा घनदाट छतामुळे बुंध्यापर्यंत प्रकाश इतका कमी पोचतो की रात्रीची भरपाई होत नाही. गारवा असेल तर हीच रात्र स्वस्तात निघते. म्हणून माझ्या विधानात ओलीच्या वेळेसोबत गारव्याची अट आहे आणि ती काढून टाकता येत नाही. महाबळेश्वरचं उत्तरही याच दोन अटींत आहे. तिथला पाऊस प्रचंड, पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोंबलेला. नोव्हेंबरपासून मेपर्यंत दुकानाला टाळं. चार महिन्यांत जे वाढलं त्याला पुढचे सात महिने कोरड्या वाऱ्यात तग धरायचा असतो. त्यात टिकतात त्या सुकणं सोसणाऱ्या, अंग आखडून बसणाऱ्या जाती. हातभर जाड गादी तयार व्हायला जी सलग ओली वर्षं लागतात ती सह्याद्रीच्या उत्तर भागात मिळत नाहीत.

होहच्या खोऱ्यात ती मिळतात. समशीतोष्ण वर्षावनं पृथ्वीवर मोजक्याच ठिकाणी आहेत. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा, चिलीचा दक्षिण भाग, न्यूझीलंडचा पश्चिम किनारा, टास्मानिया, जपानचे काही डोंगर, स्कॉटलंड-आयर्लंडच्या पश्चिमेकडचे ओकच्या झाडांचे तुकडे. नकाशावर पाहिलं तर बहुतेक ठिकाणी एकच मांडणी दिसते. थंड समुद्रावरून येणारा वारा आणि त्याला आडवे उभे असलेले डोंगर. होहला पॅसिफिकचे ढग ऑलिंपस पर्वताच्या रांगेवर आदळतात. हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या खाली फारसा जात नाही आणि उन्हाळ्यातही २७ अंशांच्या वर क्वचितच चढतो. हे उद्यान १९३८ साली स्थापन झालं आणि १९८१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. सिएटलच्या परिसरात आता इतकी मराठी घरं आहेत की मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांच्या सहलीत होहचं नाव हमखास निघतं. अशांसाठी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. ‘हॉल ऑफ मॉसेस’ ही तिथली सर्वांत प्रसिद्ध वाट जेमतेम सव्वा किलोमीटरची फेरी आहे, चढ फार नाही, गुडघेदुखी असलेल्यांनाही सावकाश जमते. दुसरी गोष्ट म्हणजे आपली माणसं जातात ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तो तिथला कोरडा हंगाम असतो. मॉस तेव्हा फिकट, टोकांना पिवळसर होतं. धुकं आणि गारवा त्याला तगवून धरतात, पण खरा हिरवा रंग पाहायचा तर ऑक्टोबरनंतर किंवा वसंतात, छत्री-रेनकोटासह जायला हवं. घरच्यांना हे पटवणं कठीण जाईल, कारण सहल म्हटली की ऊन हवं असा आपल्याकडे पक्का समज आहे.

त्या वाटेवर सर्वांत आधी नजरेत भरतात ते मोठ्या पानांचे मेपल. फांद्यांवरून मॉसचे आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सेलाजिनेलाचे पडदे लोंबत असतात. ते पाहून आपल्याकडचा बागायतदार पहिलं वाक्य बोलेल ते असं की हे झाड शोषलं जातंय, खरवडून काढा. आंब्याच्या, मोसंबीच्या खोडावर हिरवं-करडं काही दिसलं की ते रोगच, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. बांडगुळाच्या बाबतीत ती खरीही आहे. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालून रस ओढतं. मॉसकडे रस ओढणारं मूळच नाही. त्याला झाडाकडून हवी असते ती फक्त बसायला जागा. आणि होहमध्ये तर देवाणघेवाण उलट्या दिशेनं चालते, हे नलिनी नाडकर्णी यांनी दाखवून दिलं. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. नलिनी नाडकर्णी दोराच्या साहाय्यानं झाडांच्या छतावर चढून अभ्यास करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या परिस्थितीशास्त्रज्ञ. मेपलच्या फांद्यांवरची मॉसची गादी उचकून पाहताना त्यांना तिच्याखाली माती सापडली आणि त्या मातीत मुळं पसरलेली दिसली. मुळांचा माग काढला तर ती त्याच मेपलच्या फांदीतून निघालेली होती. जमिनीपासून कितीतरी मीटर उंचीवर झाड स्वतःच्याच अंगावरच्या मॉसमधून पाणी आणि अन्नद्रव्यं घेत होतं. हे संशोधन १९८१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. पुढच्या मोजणीत असंही दिसलं की एका मेपलवरच्या मॉस आणि तत्सम वनस्पतींचं सुकं वजन त्या झाडाच्या पानांच्या वजनाच्या चौपट भरतं. पाऊस, धुकं आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ अडवून धरणारी ही गादी झाडाचं वरच्या मजल्यावरचं शेत आहे. खाली जमिनीवर मात्र हेच मॉस रोपांना उगवू देत नाही इतकं दाट असतं. म्हणून तिथली स्प्रूस आणि हेमलॉकची पुष्कळशी रोपं पडलेल्या जुन्या ओंडक्यांवर रुजतात, आणि शे-दोनशे वर्षांनी ओंडका कुजून गेला तरी झाडं एका ओळीत उभी राहिलेली दिसतात. आपल्याकडे पडलेलं झाड म्हणजे सरपण. तिथे ते उचलायला मनाई आहे, आणि ती मनाई का योग्य आहे ते इथे दिसतं.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. जी वनस्पती महिनोन्महिने सुकून पुन्हा हिरवी होते, तिला माणसाच्या पावलानं किंवा हातानं काय होणार? सुकणं सोसणारा जीव दाबलं जाणंही सोसेल असं वाटणं साहजिक आहे, पण या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. सुकताना मॉसचा पेशींचा सांगाडा जागेवर राहतो. खरवडलं की दगडाला धरलेले तंतूच सुटतात, आणि त्याखाली वर्षानुवर्षं साठलेली चिमूटभर माती पुढच्या सरीत वाहून जाते. मग पुन्हा सुरुवात उघड्या दगडापासून किंवा उघड्या सालीपासून. फांद्यांवरून सोलून काढलेली गादी पूर्ववत व्हायला दोन दशकं लागू शकतात, असं नाडकर्णींच्या प्रयोगांतून पुढे आलं. तरीही फुलांच्या परड्या आणि शोभेच्या कुंड्या सजवायला अमेरिकेतल्या या जंगलांमधून पोतीच्या पोती मॉस ओरबाडलं जात होतं. त्यावर तोडगा म्हणून त्यांनी २००४ साली वॉशिंग्टनमधल्या सीडार क्रीक तुरुंगात कैद्यांना हाताशी धरून मॉसची शेती करून पाहिली. कुठली जात लवकर वाढते, किती पाणी लागतं, याच्या नोंदी कैद्यांनी ठेवल्या. आपल्याकडेही नर्सरीत मनी प्लांटसाठी मॉस स्टिक मिळते. बहुतेक वेळा ती नारळाच्या काथ्याची असते. तीच घ्यावी, खऱ्या मॉसचा आग्रह धरू नये.

आता आपल्या वाटेवर येऊ. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला मॉसचं जंगल पाहायला सिएटल गाठण्याची गरज नाही, कारण त्याचा एक धागा औंढ्याच्या देवळातूनच निघतो. महाराष्ट्राच्या परंपरेत औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग, तसंच भीमाशंकरही. औंढ्याचा परिसर सागाचा, पळसाचा, धावड्याचा. भीमाशंकर सह्याद्रीच्या माथ्यावर, हजार मीटरच्या आसपास उंचीवर, सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात. १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या या जंगलात अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा ही झाडं आहेत आणि शेकरूही आहे. गाड्या भरून यात्रेकरू श्रावणात तिथे जातात, रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात आणि परततात. देवळाच्या मागून गुप्त भीमाशंकराकडे जाणारी वाट सरळ त्या जंगलात शिरते आणि तिथे खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत मॉस, नेचे, ऑर्किड एकमेकांवर रचलेले दिसतात. इथे माझी सूचना प्रचलित रिवाजाच्या उलट आहे. मॉस पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. तेव्हा धबधबे असतात, धुकं असतं, गर्दी असते आणि कर्जतच्या बाजूनं शिडी घाटानं चढणाऱ्यांची तर दरवर्षी त्रेधा उडते. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा खरा काळ. तोवर मॉसला तीन महिने सलग कमाई झालेली असते, गाद्या फुगलेल्या असतात, आणि उन्हाची तिरीप आत येऊ लागल्यानं केसाएवढ्या दांड्यांवरच्या बीजाणूंच्या कुप्या उजेडात चमकताना दिसतात. साधं भिंग खिशात असलं तर एका बुंध्यापाशी अर्धा तास सहज जातो. पाय ठेवायचा तो मळलेल्या वाटेवर. निसरडं काय असतं हेही ओळखून ठेवावं. मखमली हिरव्या गादीपेक्षा ओल्या कातळावरचा काळपट, तेलकट दिसणारा शैवलाचा थर कितीतरी जास्त दगा देतो. आणि जाण्यापूर्वी वनविभागाच्या त्या हंगामातल्या सूचना पाहून घ्याव्यात, कारण वाटा उघड्या-बंद होत असतात.

घरच्या जिल्ह्यात मॉस का कमी, हे आता पावसाच्या नावानं खडे न फोडता सांगता येतं. साग पानं गाळतो ती हिवाळ्याच्या अखेरीपासून, नवी पालवी येते पावसाच्या तोंडावर. म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात खोडावर सावलीच नाही. मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो तेव्हा त्या सालीवर मॉसनं टिकावं ही अपेक्षाच चुकीची. त्यात सागाची साल पातळ पट्ट्यांनी सुटत राहते आणि सालईची तर कागदासारखी उलते. बसायची जागाच गळून पडते. मग मॉस सापडतं कुठे? जिथे स्थानिक पातळीवर ओल रेंगाळते आणि ऊन पोचत नाही तिथे. बारवेच्या आतल्या बाजूच्या दगडांच्या सांध्यांत. ओढ्याच्या घळीत, उंबराच्या मुळांखाली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या झिरपत्या कडेला. हापशाच्या ओट्यामागे, गळक्या टाकीखाली. पावसाळ्यात गावातल्या पांढऱ्या मातीच्या भिंतींवरही, जिथे पन्हाळीचं पाणी ओघळतं तिथे. ‘मॉस उत्तरेच्या बाजूला वाढतं, त्यावरून दिशा ओळखा’ असा एक सल्ला ट्रेकिंगच्या पुस्तकांतून इकडे येतो. तो युरोपातला आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. हिंगोलीवरून सूर्य मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अगदी डोक्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस होतो, आणि पुढे जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेलाच असतो. ऐन वाढीच्या सुरुवातीला उत्तरेची भिंतही उन्हात येते. इथे दिशेपेक्षा छत, घळ आणि झिरपा यांचा शोध घेतलेला बरा.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा आणि सर्वांत धारदार आहे. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे बोटभर मॉसचं कौतुक ही शहरी चैन नाही का? मॉस वाढवून विहिरीला पाणी येईल असं कुणी म्हणू लागलं तर तो भाबडेपणाच ठरेल, तसं मी म्हणत नाही. पण मॉस ज्या दोन अटी सांगतं, पाणी किती वेळ रेंगाळतं आणि जमीन किती तापते, त्याच अटी शेतीलाही लागू आहेत. पर्जन्यमापकाचा आकडा शेतकऱ्याला फसवतो हे सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेडच्या लोकांनी पुन्हा एकदा पाहिलं. पाऊस भरपूर, सोयाबीन आणि हळद पाण्यात, आणि सरासरी मात्र उत्तम. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दाखवलं आहे, आणि तेही एकूण मोसमी पाऊस घटत असताना. झड कमी आणि फटके जास्त, असा हा बदल. वसमतचा हळद उत्पादक या बदलाची किंमत थेट रुपयांत मोजतो. बारवेच्या भिंतीवरचं मॉस तीच किंमत न बोलता चुकवतं. एखाद्या घळीत पूर्वी मार्गशीर्षापर्यंत हिरवी राहणारी भिंत कोजागरीलाच करडी पडू लागली, तर तिथली सावली किंवा झिरपा यांपैकी काहीतरी तुटलं आहे, हे समजायला उपकरण लागत नाही. उत्तराखंडच्या वनविभागानं नोव्हेंबर २०२० मध्ये नैनिताल जिल्ह्यातल्या खुर्पाताल इथे देशातलं पहिलं म्हणून मॉस उद्यान उघडलं. तो थंड डोंगराळ भाग आहे, तसं उद्यान औंढ्याला करण्याचा प्रस्ताव कुणी मांडला तर त्याला माझा विरोध राहील. तुषार सिंचन लावून माळावर मॉस जगवणं हा पाण्याचा अपव्यय आहे. जिथे ओल आपोआप टिकते ती जागा राखणं बिनखर्चाचं आहे.

आणि अशा जागा सध्या धोक्यात आहेत त्या चांगल्या हेतूनं. गावोगाव बारवांची स्वच्छता होते आहे, गाळ निघतो आहे, ही फार मोलाची गोष्ट. त्या उत्साहात तारेचे ब्रश, ॲसिड आणि प्रेशरचं पाणी मारून दगड ‘नवा’ केला जातो तेव्हा मात्र हात आवरायला हवा. पायऱ्यांवरचा बुळबुळीत थर काढायलाच हवा, तिथे माणसं घसरतात. शिल्पांवर किंवा सांधे सुटलेल्या भिंतीत काय करायचं ते पुरातत्त्वाच्या जाणकाराला विचारावं, कारण ओल धरणारं मॉस काही ठिकाणी दगडाच्या सांध्यांना त्रासही देऊ शकतं. पण ज्या आतल्या भिंतीला माणसाचा हात लागत नाही, जिथे दगड पक्का आहे, तिथली मखमल तशीच राहू द्या, काठावरचा उंबर तोडू नका, आणि साफसफाई पावसाळ्यानंतर, भिंत पूर्ण सुकल्यावर करा, म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं ते वेगळं दिसेल.